उन्हाळ्यात झटका कुंपण का फसतं? हरणं-रोह्यांपासून पीक राखण्याची रीत

मार्च सरला, रब्बी घरात आली, की शिवारात हिरवं उरतं ते विहीर-बोअरला पाणी असलेल्यांच्याच रानात. उन्हाळी भुईमूग, मूग, कडवळ, मका, कलिंगड, मोसंबी-डाळिंबाची कोवळी फूट. माळावरचं गवत वाळलेलं असतं, नाला आटलेला असतो. मग सोलापूर-अहिल्यानगरच्या माळावरची काळविटं असोत की मराठवाडा-विदर्भातली रोही (नीलगायी), सगळी त्या हिरव्या तुकड्याकडे वळतात. चारा आणि पाणी एकाच जागी मिळतं. त्यांचं येणं-जाणं बहुतेक दिवस मावळल्यावर आणि पहाटे असतं, कारण भर उन्हात तीही सावली धरून बसतात.

यावर बहुतेकांनी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा ठोका सोडणारं यंत्र, बसवलेलं आहे. तरी दर उन्हाळ्यात एकच तक्रार ऐकू येते: "मशीन टकटक करतंय, लाइट लागतोय, पण रोही तारेतून आत शिरतात." मशीन बदललं जातं, जास्त किलोमीटरचं घेतलं जातं, आणि पुन्हा तेच होतं. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. दोष कोरड्या जमिनीचा असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

आधी शिकारीचा विषय संपवू. अमेरिकेतल्या काही राज्यांत पिकाचं नुकसान दाखवलं की शेतकऱ्याला हंगामाबाहेर, भर उन्हाळ्यातही हरणं मारायचा परवाना मिळतो. इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ पाहून इथेही तसं करता येईल असं काहींना वाटतं. इथे तसं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे काळवीट आणि चिंकारा अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड आहे. चितळ, रोही आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहेत, म्हणजे त्यांनाही संरक्षण आहे. पिकाच्या नुकसानीसाठी रोही किंवा रानडुकराबाबत कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून, लेखी आणि ठरावीक क्षेत्रापुरती. कागद हातात नसताना झाडलेली गोळी ही शिकारच. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं, मांस घरी नेणं हा वेगळा गुन्हा. फासे, विष, गावठी बॉम्ब यांना कुठल्याच परवानगीत जागा नाही. आणि हिशोब म्हणून पाहिलं तरी एक रोही मारून कळप थांबत नाही. हिरवं आणि पाणी तिथेच असेल तर दुसऱ्या रात्री उरलेली येतातच.

तार ओढण्याआधी दोन दिवस बांधावरून फिरा

कोण येतं आणि कुठून येतं ते सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत पाहा. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात, त्यामुळे बांधाच्या कोपऱ्यावर लेंड्यांचा ढीगच दिसतो. काळविटाच्या लेंड्या बारीक असतात, खूर लहान आणि पुढे निमुळता. रानडुकरानं जमीन नाकानं उकरलेली असते. हे ओळखणं कामाचं, कारण तारांची उंची त्यावर ठरते. रोही शक्यतो छातीनं रेटून घुसतं, अगदीच वेळ आली तर उडी मारतं. काळवीट उडी जबरदस्त मारतं, पण कुंपण दिसलं की आधी खालून किंवा दोन तारांमधून निघायला बघतं.

याच फेरीत पाण्याची वाट पाहून ठेवा. नाल्याकडे किंवा पाणवठ्याकडे जाणाऱ्या पांदीच्या दोन्ही बाजूंनी कुंपणं आली आणि वाट बंद झाली, तर तहानलेलं जनावर कुठूनतरी फोडून जाणारच. किमान १५-२० फुटांची मोकळी वाट सोडा. शेजारच्याशी बोलून दोघांनी मिळून सोडली तर कुणाचंच रान जात नाही. कठडा नसलेली विहीर कुंपणाबाहेर राहत असेल तर तिच्याभोवती आधी आडोसा करा. उन्हाळ्याच्या रात्री पाण्याच्या वासानं आलेली हरणं अशाच विहिरींत पडतात.

सामान किती लागेल

पाच एकरांचा चौकोनी तुकडा धरू. एक बाजू साधारण १४२ मीटर, परिघ ५७० मीटर. पाच तारा ओढायच्या तर २,८५० मीटर तार, आणि गाठी-ताणासाठी दहा टक्के जास्त. अडीच मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार किलोला २६ मीटर भरते, म्हणजे ११० किलो अधिक वरची दहा टक्के. बरेच जण क्लच वायर घेतात. ती हलकी आणि ओढायला सोपी असते, पण बारीक असल्यानं लांबवर ताकद गळते आणि दोन-तीन वर्षांत गंजते. एक-दीड एकराला ती चालते. पाच एकरांना जीआयच घ्या. खांब १५ फुटांवर धरले तर १२५ ते १३० लागतात. चारही कोपऱ्यांचे खांब जाड, अडीच फूट गाडलेले आणि आतून तिरका टेकू दिलेले हवेत. मे महिन्यात खड्डा निघत नसेल तर आदल्या संध्याकाळी त्या जागी बादलीभर पाणी ओतून ठेवा.

तारांची उंची जमिनीपासून १०, २०, ३२, ४६ आणि ६० इंच ठेवा. रानडुक्कर असेल तर सगळ्यात खालची तार ८ इंचांवर आणा.

मशीन घेताना खोक्यावरच्या किलोमीटरला भुलू नका. तो आकडा एका स्वच्छ तारेसाठी असतो. ठोक्याची ताकद किती ज्यूल आहे ते विचारा. वरच्या मापाला दीड ते दोन ज्यूल पुरतात. मशीनवर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) मानकाचा उल्लेख आणि ठोक्यांमध्ये किमान एका सेकंदाचं अंतर हवं. त्या अंतरातच जनावराला किंवा माणसाला हात-पाय सोडवून मागे सरायला वेळ मिळतो.

इन्सुलेटरच्या जागी ठिबकच्या १६ मिमी नळीचे (लॅटरल) तुकडे चिरून बसवायची पद्धत सगळीकडे आहे. स्वस्त पडते, पण चिरलेली फट उन्हानं उघडते आणि तार खांबाला टेकते. लोखंडी अँगल असेल तर त्या एका जागी सगळा झटका जमिनीत जातो. चिनी मातीचे किंवा ऊन सोसणारे चांगल्या प्लास्टिकचे इन्सुलेटर घ्या. फाटकाखालून तार नेताना घरातली साधी वायर वापरू नका. तिचं वेष्टण ११०० व्होल्टपर्यंतचं असतं आणि कुंपणात ७-८ हजार व्होल्ट धावतात. झटका कुंपणासाठीची दुहेरी वेष्टणाची केबल वेगळी मिळते, तीच पाइपातून न्या.

खरं काम अर्थिंगचं

झटका बसतो कसा ते नीट समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. मशीनमधून ठोका तारेत जातो, तारेतून जनावराच्या अंगात, खुरांतून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगच्या सळईत आणि तिथून परत मशीनमध्ये. ही फेरी पूर्ण झाली तरच झटका. पावसाळ्यात जमीन ओली असते, फेरी आपोआप पूर्ण होते. एप्रिल-मेमध्ये वरची फूट-दोन फूट माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी होते, काळ्या रानात तर हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात सळई असेल तर तिच्याभोवती मातीऐवजी हवाच असते. वर जनावराचे खूर म्हणजे कोरडं शिंगच. तारेवर मीटर ७ हजार व्होल्ट दाखवतो, पण रोह्याला जाणवते जेमतेम मुंगी.

एक फुटाची सळई ठोकून तिला तार गुंडाळली की अर्थिंग झालं, हा समज सोडा. सहा फुटांच्या तीन जीआय सळया घ्या, १६ मिमी किंवा जाड. एकमेकींपासून १० फुटांवर पूर्ण गाडा, वर फक्त चार बोटं ठेवा. तिन्ही एकाच अखंड जीआय तारेनं जोडा, जोड क्लॅम्पनं आवळा. नुसता पीळ दिलेला जोड गंजला की फेरी तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जीआयला तांब्याची तार लावू नका, दोन धातूंच्या जोडावर जीआय लवकर खाल्लं जातं. जागा हौदाजवळची, झाडाच्या ओल्या आळ्याजवळची निवडा, पण मोटारीच्या, घराच्या किंवा डीपीच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब.

खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात. त्यानं काही महिने फरक पडतो, पण मीठ सळई खातं आणि भोवतीची माती बिघडवतं. बेंटोनाइट मातीचा गारा भरला तर ओल जास्त दिवस टिकते. सगळ्यात सोपा उपाय मात्र तुमच्या रानात आधीपासूनच आहे: ठिबकची एक नळी तिन्ही सळयांवरून न्या आणि प्रत्येक सळईपाशी तासाला ४ लिटरचा एक ड्रिपर लावा. रोज संध्याकाळी तासभर पाणी. दिवसाला बारा लिटरमध्ये अर्थिंग जिवंत राहतं.

तपासणी अशी करा, आणि ती दुपारी तीन-चारला करा, कारण जमीन तेव्हाच सगळ्यात कोरडी असते. सकाळच्या तपासणीत दोष लपतो.

१. मशीन बंद करा. मशीनपासून शंभर मीटर लांब दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोकून झटक्याच्या तारेला टेकवून ठेवा.

२. मशीन चालू करून कुंपणाच्या मीटरनं तारेचा दाब पाहा. तो २ हजार व्होल्टच्या खाली यायला हवा. येत नसेल तर आणखी सळया टेकवा, त्यांच्या बुडाशी पाणी ओता.

३. आता शेवटच्या अर्थिंग सळईपासून एक मीटरवर मीटरची टोचणी खुपसा आणि दुसरं टोक सळईला लावा. आकडा ३०० व्होल्ट किंवा कमी असेल तर अर्थिंग ठीक आहे. त्याच्या पुढे गेला तर चौथी सळई गाडा, आणि पुन्हा मोजा.

घरातल्या वायरिंगचा टेस्टर किंवा साधा मल्टिमीटर यासाठी वापरू नका, तो जळतो. कुंपणाचा मीटर वेगळा असतो आणि प्रत्येक शेतकरी गटात एक तरी असावा.

खडकाळ माळ, मुरूम किंवा खूप भेगाळलेलं रान असेल तर सळया वाढवूनही भागत नाही. तिथे पाचपैकी खालून दुसरी आणि चौथी तार अर्थिंगला जोडा. पहिली, तिसरी, पाचवी झटक्याच्या. रोही किंवा काळवीट तारांमधून डोकं घालतं तेव्हा एक झटक्याची आणि एक अर्थिंगची अशा दोन्ही तारा अंगाला लागतात, आणि जमीन कितीही कोरडी असली तरी फेरी पूर्ण होते. या दोन तारांना कुंपणाच्या पलीकडच्या अंगालाही एखादी सळई द्या. यात एकच जपायचं: शेजारच्या तारा एकमेकींना टेकता कामा नयेत. १४२ मीटरची लोखंडी तार २५ अंशांनी तापली की सुमारे चार सेंटिमीटर लांबते. पहाटे घट्ट असलेली तार दुपारी पोट सोडते. प्रत्येक बाजूला एक ताणस्प्रिंग लावला की तो फरक स्प्रिंग पोटात घेतो, आणि थंडीत तार आखडून कोपऱ्याचा खांबही ओढला जात नाही.

बॅटरी आणि पॅनेल

मशीनच्या पाटीवर ०.२ अँपिअर लिहिलं असेल तर २४ तासांना ४.८ अँपिअर-तास लागतात. तीन दिवस ढगाळ धरा आणि लेड बॅटरीचा अर्धाच साठा वापरायचा असं धरा, तर २९ येतात. म्हणून ३५ ते ४० अँपिअर-तासाची बॅटरी घ्या. हिशोबात पॅनेल १२ वॅटचं येतं, पण उन्हात तापलेलं पॅनेल कमी वीज देतं, वर धूळ, आणि पुढे पावसाळा आहेच. ४० वॅटचं लावा. तोंड दक्षिणेला, उतार सुमारे २० अंश. आठवड्याला एकदा पहाटे पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकते.

बॅटरी उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत कोंडली तर तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. सावलीत, हवा खेळती ठेवून, विटांवर ठेवा. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला झाकण उघडून पाहा. डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडतील इतकंच, तेही चार्जिंग झाल्यावर. विहिरीचं पाणी अजिबात नाही.

पहिला झटका नाकाला बसला पाहिजे

हरणाच्या आणि रोह्याच्या अंगावरचे कोरडे केस झटका अडवतात. धावत आलेलं जनावर छातीनं तार लोटून आत जातं, त्याला फार काही जाणवत नाही. ते थांबून, हुंगून, ओल्या नाकानं तारेला लागलं तर मात्र कळप ती जागा लक्षात ठेवतो. म्हणून नव्या तारेवर, जनावरांच्या रुळलेल्या वाटेवर दर तीन-चार मीटरला ॲल्युमिनियम फॉइलची चार बोटांची पट्टी दुमडून घट्ट बसवा. ती चमकते आणि तिकडे नाक जातं. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी अशा पट्ट्यांवर शेंगदाण्याचं लोणी लावतात. आपल्याकडे भुईमुगाची पेंड पाण्यात कालवून चोपडली तरी वास सुटतो. पट्टी झटक्याच्या तारेवरच लावा, अर्थिंगच्या तारेवर नको.

आणि तार ओढली त्याच संध्याकाळी मशीन चालू करा. "सामान आलं की जोडू" म्हणून आठ दिवस नुसती तार राहिली, तर जनावरं तिला खेटायला शिकतात आणि पुढे झटका लागला तरी पळताना आतच पळतात. पहिले तीन आठवडे रात्रंदिवस चालू ठेवा.

जिवाशी खेळ नको

महावितरणची २३० व्होल्टची लाइन थेट तारेत सोडणं म्हणजे माणूस मारण्याची तयारी. झटका मशीनचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा असतो. थेट लाइनमध्ये प्रवाह थांबतच नाही, स्नायू आकसतात आणि तार धरलेला हात सुटत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला गडी, शेजाऱ्याचं पोर, स्वतःचा बैल, कुणीही त्यात सापडतं. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, काळवीट गेलं तर वन्यजीव कायद्याचा.

मशीन लावलेल्या कुंपणातही काटेरी तारेला कधीच झटका जोडू नका. त्यात अडकलेल्याला सुटता येत नाही आणि ठोके बसत राहतात. जुनं काटेरी कुंपण असेल तर झटक्याची तार त्याच्यापासून वेगळ्या खांबांवर न्या. दोन शेजाऱ्यांची दोन मशीनं असतील तर दोन्ही कुंपणांत किमान अडीच मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच वेळी दोघांचे ठोके बसू शकतात. रस्त्याच्या आणि पांदीच्या बाजूला दर २०-२५ मीटरवर पिवळी पाटी: "सावधान, झटका कुंपण". वळवाचे ढग आले, गडगडाट सुरू झाला, की मशीन कुंपणापासून सोडवून ठेवा. वीज लांबच्या बांधावर पडली तरी तारेतून मशीनपर्यंत येते.

बाकीचे उपाय जोडीला म्हणून. जुन्या साड्या आठ-दहा दिवस काम देतात, मग जनावरं सरावतात. जागा आणि रंग बदलत राहिलात तर थोडं लांबतं. एकराला १८-२० अंडी २० लिटर पाण्यात फेटून, फडक्यानं गाळून पिकाच्या कडेनं फवारली तर त्या वासानं हरणं दबकतात, पण उन्हानं आणि तुषार सिंचनानं ते लवकर जातं. भाजीवर तोडणीच्या दिवसांत मारू नका. मासेमारीची नायलॉन जाळी बांधावर अजिबात नको. काळविटाची शिंगं त्यात अडकतात, जनावर धडपडून मरतं. अडकलेलं दिसलं तर स्वतः सोडवायला जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

नुकसान झालंच तर खाल्लेल्या झाडांना हात लावायच्या आत फोटो काढा: एक पूर्ण रानाचा, एक शेंडे खाल्लेल्या झाडांचा, एक खुरांचा आणि लेंड्यांचा, शेजारी काडेपेटी ठेवून. तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा, पीकपेरा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. पंचनाम्याला स्वतः हजर राहा आणि क्षेत्र गुंठ्यांत मोजून लिहिलं आहे का ते सही करण्याआधी वाचा. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात मृगाच्या आधीच करा, कारण सोयाबीन-तूर दोन पानांवर आली की पुन्हा कळप येतात.

पहिला मोठा पाऊस पडून जमीन भिजली की कुंपणाचं गणित उलटतं. आता अर्थिंग आपोआप होतं, पण तारेखाली गवत वाढतं आणि प्रत्येक ओलं पातं थोडा थोडा झटका जमिनीत नेतं. सगळ्यात खालची तार वेगळ्या कट-आउट स्विचवर घेतलेली असेल तर गवत काढेपर्यंत तेवढीच बंद ठेवता येते. दुसऱ्या आणि चौथ्या तारेची जोडणीही अशी ठेवा की पावसाळ्यात त्या झटक्यावर आणि पुन्हा होळीनंतर अर्थिंगवर घेता येतील.